तीन पट्ट्यांच्या सँडल

…आणि वर मलाच विचारतात, की एवढ्या चांगल्या सँडल आणायची गरजच काय होती. म्हणजे बघा हं, सासऱ्यांना वाईट सँडल आणल्या असत्या तर मी वाईट सून, आणि चांगल्या आणल्या तर त्याहून वाईट सून, मग नेमक्या कसल्या आणायच्या होत्या मी, मधल्या? 'बऱ्या आहेत, पण फार लांब जात नाहीत' असलं काही मिळतं का बाजारात? मिळत असेल तर पत्ता द्या, उद्या जाऊन आणते. कारण सँडल चांगल्या होत्या, त्याबद्दल वाद नाही. शत्रूनंही नाव ठेवू नये अशा होत्या, आणि तिथंच सगळं घोडं पेंड खातं.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्या नणंदबाईंसारखं अर्धं ऐकून पूर्ण मत द्याल.

आमचे सासरे, बाबा, वय अठ्ठ्याहत्तर. पस्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात होते. साहेब वगैरे नाही हो, चावीवाले. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, पहाटे घरातून निघायचं, रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी आत सोडून व्हॉल्व्ह फिरवायचा, की या गल्लीला पाणी चालू, मग पुढचं झाकण, त्या गल्लीला बंद, पुन्हा पुढचं. रोजचे अठरा-वीस किलोमीटर, पाऊस असो, ताप असो, घरात कुणी आजारी असो. अख्ख्या गावाची आंघोळ या माणसाच्या मनगटावर. मग निवृत्त झाले, मग सासूबाई गेल्या, आणि तीन वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवलो की नाही ते. माणूस काय काय विसरतो म्हणा, पण बाबा आपण निवृत्त झालो हेच विसरले. साडेपाचला उठायचे, शर्ट घालायचे, बटणं एक घर चुकवून लावायचे आणि दाराशी जाऊन म्हणायचे, "येतो मी. पाणी सोडायचंय. लोक खोळंबलेत."

बरं, जाऊन जाऊन जायचे कुठे? कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत. कारण पायात ती जुनी रबरी चप्पल, टाच झिजून कागद झालेली, अंगठा सेफ्टी पिनेनं अडकवलेला. शंभर पावलांत ती पिन सुटायची, चप्पल पायातून निसटायची, आणि बाबा तिथं कठड्यावर बसून पिन लावत राहायचे. पिन काही लागायची नाही. मग मी जायची, पिन लावून द्यायची, हात धरून घरी आणायची. अर्ध्या तासाचा मामला. वर्षभर असं चाललं होतं, आणि तुम्हाला सांगते, मला तेव्हा वाटायचं की हा त्रास आहे.

मग एक दिवस ती पिनच टाचेत घुसली. बाबांना कळलंच नाही, कारण साखरेच्या आजारानं पायाची जाणीव गेलेली. मला कळलं ते फरशीवर उमटलेल्या पावलांवरून, दारापासून मोरीपर्यंत एका पायाचं लाल, एका पायाचं नुसतं ओलं. सात आठवडे लागले ती जखम भरायला. रोज ड्रेसिंग. मी दवाखान्यातच काम करते, केसपेपरच्या खिडकीवर, दिवसभर दुसऱ्यांच्या नावापुढे वय आणि तक्रार लिहायची, मग संध्याकाळी घरी येऊन आपल्या घरातली तक्रार धुवायची, पुसायची, पट्टी बांधायची.

पायाच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "हे बघा, या वेळी वाचलं. पुढच्या जखमेला बोट जाईल, त्याच्या पुढच्या जखमेला पाऊल. आधी ती चप्पल फेका." आणि मग कागदावर लिहून दिलं हो त्यांनी, एखाद्या औषधासारखं. नव्या सँडलचा तळ मधे दुमडता कामा नये, फक्त बोटांपाशी वाकला पाहिजे. टाचेला मागून पट्टा पाहिजे. कमानीखाली आधार पाहिजे. बोटांना पुढं मोकळी जागा. शिवण आतून टोचता कामा नये. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय सुजलेला असतो, सकाळी घेतलेली संध्याकाळी चावते. मी विचारलं, "चालले तर चालेल ना?" म्हणाल्या, "चालायलाच पाहिजे. जेवढं चालतील तेवढं चांगलं."

जेवढं चालतील तेवढं. हे त्यांचे शब्द. केसपेपरवर लिहून घ्यायला हवे होते.

गेलो दुकानात. मी, आमचे हे आणि बाबा. ह्यांची बस डेपोत नोकरी, मेकॅनिक, त्यामुळे ह्यांना कुठलीही वस्तू हातात आली की उलटी करून बघायची सवय. सँडल घेतली की उलटी करायची, पिळायची, दुमडायची, नखानं खरवडायची. मधे दुमडली की "हिचं शॉकअप गेलंय" म्हणून बाजूला. चौदा जोड बाजूला झाले. दुकानदार बिचारा शांत माणूस, पण पंधराव्या जोडाला म्हणाला, "साहेब, घालायची आहे ना, की गाडीला बसवायचीय?"

ती पंधरावी म्हणजे ह्या सँडल. तपकिरी, राखाडी तळ, पायावर दोन पट्ट्या, मागं टाचेला एक, तिन्ही चिकटपट्टीच्या, त्या ओढल्या की चर्रकन आवाज यायचा. तळ मधे दुमडेना, ह्यांनी गुडघ्यावर ठेवून जोर लावला तरी दुमडेना. कमानीला उंचवटा. बोटांना जागा. नंबर आठ. मी स्वतः आतून बोट फिरवून शिवण तपासली. दुकानदारानं खाली बसून बाबांच्या पायात चढवल्या, तिन्ही पट्ट्या लावल्या आणि म्हणाला, "काका, दोन पावलं चालून बघा."

बाबा दोन पावलं चालले. मग आणखी दोन. मग आरशापर्यंत. मग दारापर्यंत. आम्ही आपले पावतीकडे बघतोय, आणि वर मान करतो तर बाबा कुठायत? हे पळत बाहेर. मी पिशवी टाकून मागे. चार दुकानं सोडून चौकात सापडले, एका झाकणावर उभे होते आणि भाजीवाल्याला सांगत होते की गाडी इथून हलव, हे झाकण उघडायचंय. धरून आणलं. दुकानदार म्हणाला, "अशा चाललेत म्हणजे बसल्या व्यवस्थित." आणि मी हसले हो. आम्ही तिघंही हसलो. बाबाही हसले, आम्ही हसतोय म्हणून.

सँडल चांगल्या होत्या, त्याबद्दल वाद नाही.

पहिल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानाच्या पुढं गेले, बसथांब्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी शाळेपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात पुलापर्यंत. मी शोधून आणायची, घरी आल्या आल्या सँडल काढून पाय बघायची, तळवा, टाच, बोटांच्या मधल्या फटी. कुठं लाल नाही, कुठं फोड नाही. आणि मला काय वाटायचं सांगू? अभिमान. मी फोनवर नणंदबाईंना सांगितलं, "ताई, बाबा आज पुलापर्यंत गेले." त्या म्हणाल्या, "बघ, आधीच घ्यायला हव्या होत्या." हं. हे त्यांचंच वाक्य. नंतरचं दुसरं वाक्य कुणाचं, ते येतंच आहे पुढं.

माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं होतं. ती मोडकी चप्पल म्हणजे आमचं कुंपण होतं. ते आम्ही आमच्या हातानं काढलं आणि वर पावती घेतली. पण लक्षात आलेली गोष्ट आणि केलेली गोष्ट यांच्यामध्ये माणसाला धुणं असतं, स्वयंपाक असतो, नऊची ड्यूटी असते.

तो शनिवार. हे पहाटेच्या पाळीला गेलेले. मी मोरीत कपडे भिजवत होते आणि बाहेरून आवाज आला, चर्र… मग दुसरा, चर्र… मग तिसरा.

हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. नणंदबाईंना तर मेले तरी सांगणार नाही. तुम्हाला म्हणून सांगते. तिन्ही पट्ट्यांचा आवाज मी ऐकला. कडी निघाल्याचाही ऐकला. आणि मी उठले नाही. रात्रभर बाबांनी चार वेळा उठवलेलं, डोळे चुरचुरत होते, आणि मनात काय आलं? जाऊ दे, पुलापर्यंत तर जातील, तासाभरात आणते, तेवढा वेळ घर गप्प राहील. कपडे पिळले. वाळत घातले. चहा केला, आणि तो गरम असतानाच प्यायले, कित्येक महिन्यांनी. इतका चांगला झाला होता तो चहा…

मग गेले पुलावर. पुलावर नाहीत. शाळेपाशी नाहीत. बाजारात नाहीत. ह्यांना फोन केला, हे डेपोतून तसेच तेलकट हातांनी निघाले, स्कूटर घेऊन एकेक रस्ता. मी पोलीस चौकीत. हवालदार वही घेऊन बसला. "अंगात काय होतं?" मला आठवेना. निळा शर्ट की पांढरा, देवाशपथ आठवेना, मी बघितलंच नव्हतं ना. "उंची?" अंदाजे सांगितली. "पायात?" आणि मी सुरू झाले, तपकिरी, आठ नंबर, तीन पट्ट्या, चिकटपट्टीच्या, मागं टाचेला आधार, राखाडी तळ, बोटांपाशीच वाकतो, मधे दुमडत नाही… हवालदारानं लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "बाई, सँडलच्या वरचं काही?"

तेवढ्यात नणंदबाईंचा फोन. रडत होत्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "अगं, एवढ्या चांगल्या सँडल आणायची गरजच काय होती?"

मी फोन पर्समध्ये टाकला आणि हवालदाराला म्हटलं, लिहा, वय अठ्ठ्याहत्तर.

दुपारी चार वाजता पत्ता लागला. चौदा किलोमीटर. गावाबाहेर टेकडीवर मोठी टाकी आहे, जिथून सगळ्या गावाचं पाणी निघतं, तिथं. तिथल्या पहारेकऱ्यानं पाहिलं, की एक म्हातारा माणूस मोठ्या व्हॉल्व्हचं चाक दोन्ही हातांनी फिरवायला बघतोय. ते आता मोटरवर चालतं, हातानं हलत नाही, पण बाबांना कोण सांगणार? त्यानं हटकलं तर बाबा त्यालाच ओरडले, "बघत काय उभा राहिलास? धर तिकडून, सकाळपासून गाव कोरडं आहे." पहारेकऱ्यानं खात्यात फोन केला, तिथं एक जुना कारकून होता, तो वर्णन ऐकून म्हणाला, "अरे, हे तर आपले चावीवाले," आणि मग ह्यांचा नंबर शोधला.

आम्ही पोचलो तेव्हा बाबा टाकीच्या सावलीत भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही तळहात सोललेले. ओठ फुटलेले. दिवसभर पाण्याचा थेंब पोटात नाही. शेजारी लाखो लिटर पाणी, पस्तीस वर्षं लोकांना पाणी पाजलेला माणूस, आणि तहान लागली तर मागावं हे विसरलेला. पहारेकऱ्यानं बाटली दिली होती, ती त्यांनी मांडीवर नुसती धरून ठेवली होती, कुणाची तरी सांभाळायला दिल्यासारखी. ह्यांनी बाटली त्यांच्या ओठाला लावली आणि हे, एरवी बसच्या इंजिनाखाली सापडले तरी हूं की चूं न करणारे, हुंदके देऊन रडायला लागले.

मी काय केलं? मी खाली बसले आणि त्यांच्या सँडल काढल्या. चर्र, चर्र, चर्र. आणि पाय बघितले. चौदा किलोमीटर चाललेले पाय. एक फोड नाही हो. एक लाल ठिपका नाही.

सँडल चांगल्या होत्या, त्याबद्दल… राहू दे.

तीन दिवस सलाइनवर. नणंदबाई आल्या. घरात बैठक बसली आणि ठराव झाला: दाराला आतून कुलूप, सँडल कपाटावर, बॅगेच्या मागे. समोरच्या शिंपीणकाकू दिवसा येऊन बसतील. नणंदबाईंनी कुलूप स्वतः आणलं, चांगलं जाड, वजनदार. म्हणाल्या, "हेच आधी करायला हवं होतं." मी म्हटलं, "ताई, ते दाराशी उभे राहतील." म्हणाल्या, "राहू देत. जिवंत तर राहतील." आणि मग स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "बाबांनी मला विचारलं, तुमच्याकडे पाणी येतं का बाई नीट." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यापुरतं आमचं जमलं.

त्या गेल्या, कुलूप राहिलं. बाबा पहाटे साडेपाचला दाराशी जायचे आणि आतून दार वाजवायचे. आदळआपट नाही. परक्याच्या घरी आलेला माणूस वाजवतो तसं, दोन बोटांनी. "उघडता का जरा? पाणी सोडायचंय." पाच मिनिटांनी पुन्हा. दिवसभर. शिंपीणकाकू म्हणाल्या, "अगं, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं." जेवण निम्म्यावर आलं. आणि दार उघडत नाही म्हटल्यावर त्यांनी घरातल्या घरात फेरी सुरू केली, दार, खोली, मोरी, दार, खोली, मोरी. अनवाणी. काकूंचा डोळा लागला की माझ्या, ह्यांच्या, मिळतील त्या चपला पायात घालून.

तिसऱ्या आठवड्यात मी कामावरून आले तर पायात माझ्या चपला, दोन नंबर लहान, पट्ट्यात बोटं आवळून बसलेली, आणि बाबा फेऱ्या मारतायत. किती वेळ, कुणाला ठाऊक. मी चप्पल ओढून काढली. करंगळी निळी पडली होती. चार दिवसांत काळी.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं, पुढच्या जखमेला बोट. आणि कुठं? रस्त्यावर नाही, पुलावर नाही, टेकडीवर नाही. घरात, कुलपाच्या आत, आम्ही सगळ्यांनी एकमतानं ठरवलेल्या सुरक्षित जागी. करंगळी काढली. भूल उतरल्यावर बाबा मला म्हणाले, "नर्सबाई, किती वाजले? मला जायचंय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सँडल बघू." मी घरून नेल्या होत्या, पिशवीत. त्यांनी उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "उत्तम आहेत. ह्याच घाला, पट्ट्या सैल होतात, ड्रेसिंगवरूनही बसतील. मग घातल्या का नव्हत्या?"

आता त्यांना काय सांगू? सँडल चांगल्या आहेत, म्हणून कपाटावर ठेवल्या होत्या?

जखम भरल्यावर मी ह्यांना म्हटलं, "कुलूप काढा." हे म्हणाले, "आणि मग?" मी म्हटलं, "मग मी जाते बरोबर." म्हणाले, "रोज?" म्हटलं, "रोज." "नऊची ड्यूटी?" म्हटलं, "साडेपाच ते आठ त्यांची, नऊपासून दवाखान्याची." हे उठले, पाना आणला आणि कडी-कोयंडा सगळाच काढून टाकला, नुसतं कुलूप नाही. दारावर चार भोकं राहिली आहेत, अजून बुजवलेली नाहीत.

तेव्हापासून आमची जोडी. बाबा पुढं, मी दोन पावलं मागं. माझी स्वतःची टाच दुखते हो, डॉक्टरीणबाईंचा तो कागद बघून मलाही घ्यायला हव्यात तसल्या, पण दुकानात जायला वेळ कुठाय? बाबांना वाटतं, मी खात्यात नवीन लागलेली शिकाऊ मुलगी आहे. सून असते तर इतकं बोलले नसते, पण शिकाऊला सगळं सांगावं लागतं. "हे बघ, एकदम उघडायचं नाही. पाण्याला धक्का बसतो, पाइप फुटतो. हळूहळू. आधी त्याला कळू दे आपण आलोय ते." प्रत्येक झाकणापाशी थांबायचं. कोण कुठे राहतं, कुणाच्या घरी लहान मूल आहे म्हणून पाच मिनिटं जास्त सोडायचं, सगळं पाठ. मी कोण ते माहीत नाही, पण वरच्या गल्लीला दाब येत नाही हे माहीत आहे. एक दिवस मी विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" बराच वेळ विचार केला. म्हणाले, "सून आहे. फार दमते बिचारी. तिला उठवायला नको म्हणून गुपचूप निघतो मी." तिथून पुढचे दोन रस्ते मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

सुरुवातीला पुलापर्यंत जायचो. मग शाळा. मग बसथांबा. हल्ली पाय उचलतच नाहीत, घासत जातात. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे आता असंच होत जाणार, यात सँडलचा दोष नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे, सँडल चांगल्या आहेत. तळ अजून जेमतेम झिजलाय. दुकानदार म्हणाला होता, चार वर्षं जातील. चार वर्षं जातील हो, सँडलना काय होतंय.

गेल्या आठवड्यापासून फक्त झेरॉक्सच्या दुकानापर्यंत. तिथं कठड्यावर बसतात, दम खातात आणि मला म्हणतात, "पुढचं तू करून ये. मी आहे इथं." मग मी एकटी पुढं जाते, वळणापर्यंत, जिथून ते दिसतात तिथवरच. तिथं विजेच्या खांबाला धरून उभी राहते. दूधवाला बघतो, पेपरवाला बघतो, ही बाई रोज खांबाला धरून काय करते. पाच मिनिटांनी परत येते.

"सोडलंस?"

"सोडलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"वरच्या गल्लीला थांबलीस ना जरा जास्त?"

"थांबले, बाबा."

मग मान हलवतात, माझा हात धरून उठतात, आणि आम्ही सावकाश घरी येतो. आज सकाळी त्यांना कॉटवर बसवलं, सँडल काढल्या, पाय बघितले, नऊच्या नऊ बोटं ठीक. म्हटलं, आता पाय धुवावेत, म्हणून बादली घेऊन मोरीत गेले, नळ सोडला…

तर पाणीच आलेलं नव्हतं.